लाल मोटारीचा विटलेला रंग

कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानमालेचे बोलावणे गेले म्हणजे तो महागाई भत्त्यावर नाही तर संपाच्या इतिहासावर बोलणार, असे श्रोते गृहीत धरून येतात. आम्ही यंदा ‘लाल रंग’ एवढाच विषय कळवला, तेव्हा आम्ही झेंड्यावर बोलणार असा चालकांचा समज झाला. तेव्हा झेंड्याचे आधीच सांगून टाकतो. कारखान्याच्या फाटकावर संघटनेचा झेंडा दर मे महिन्याच्या पहिल्या तारखेला नवा लागतो. दिवाळीपर्यंत तो गुलाबी होतो, आणि पुढच्या वर्षी उतरवताना काठीला गुंडाळलेल्या घडीत एक पट्टी तेवढी लाल सापडते. दरवर्षी हे पाहूनही त्याचे कारण विचारावे असे आम्हांला कित्येक वर्षे सुचले नाही. ते सुचवले एका रंगाऱ्याने. मोटारी दुरुस्त करण्याच्या एका कारखान्यात तो रंगखात्यात होता. फाटकावरच्या सभेत वर पाहत तो म्हणाला, “भाऊ, ह्या कापडाला कुणीतरी कमी पैशांचा लाल दिलाय.”

हा ‘कमी पैशांचा लाल’ काय प्रकार आहे, हे शोधण्यात आमची पुढची बरीच वर्षे गेली. आम्ही रसायनशास्त्राचे पदवीधर नव्हे. आम्हांला जे ठाऊक आहे ते काही वाचनालयांतून आणि बरेचसे रंगखात्यातल्या माणसांच्या तोंडून आलेले आहे. झेंड्याचे कापड बाजूला ठेवून आज आम्ही मोटारीच्या पत्र्यावरच बोलणार आहोत. कारण लाल रंगाचा इतिहास पत्र्यावर जितका स्वच्छ वाचता येतो तितका दुसरीकडे कोठे येत नाही.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपण सरसकट ‘रंग गेला’ म्हणतो. परंतु जाणे दोन प्रकारचे असते. रंग म्हणजे एक बारीक भुकटी आणि तिला पत्र्याला धरून ठेवणारे तेल किंवा राळ. भुकटीने डोळ्याला लाल दिसायचे, राळेने टिकवून धरायचे. भुकटी बिघडली म्हणजे रंग विटतो. राळ बिघडली म्हणजे रंगाला चिरा जातात, पापुद्रे सुटतात. या दोन्हींच्या मधला आणखी एक प्रकार आहे, आणि तो आपण सर्वांनी पाहिलेला आहे. उन्हात उभ्या राहिलेल्या जुन्या लाल गाडीवरून हात फिरवला की तळव्याला लाल भुकटी लागते. येथे भुकटी पुष्कळदा शाबूत असते. उन्हाने वरची राळ तेवढी खाऊन टाकलेली असते आणि भुकटी उघडी पडलेली असते. अशी गाडी पॉलिश लावून घासली की पुन्हा लाल होते आणि घासणारे फडके तांबडे होते. ज्या रंगाऱ्याने आम्हांला शिकवले तो गाडी आली की आधी फडके घासून पाहत असे. फडके तांबडे झाले तर जुन्या पद्धतीचा एकेरी रंग, पांढरेच राहिले तर वर पारदर्शक थर. ही परीक्षा कोणत्याही पुस्तकात आम्हांला इतक्या थोडक्यात मिळाली नाही.

आता लालच का विटतो? याचे एक उत्तर सर्वत्र ऐकू येते. लाल वस्तू लाल किरण परत पाठवते आणि निळे, जांभळे किरण गिळते. निळ्या-जांभळ्या किरणांत शक्ती अधिक, म्हणून लाल रंग आपल्या पोटात अधिक मार घेतो आणि लवकर मरतो. हे उत्तर खोटे नाही, पण अर्धे आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतला तांबडा रंग गेरूचा आहे. गेरूही निळे किरण गिळतोच. परंतु तो लोहाचा गंज. त्यात उन्हाने मोडण्यासारखे काही उरलेलेच नसते. दीड हजार वर्षांत अजिंठ्याच्या भिंतीवरचा गिलावा पडला, किड्यांनी चित्रे खाल्ली, पण जेथे गेरू राहिला तेथे तो तांबडाच राहिला. तेव्हा ‘लाल विटतो’ हा काही सृष्टीचा नियम नव्हे. कोणता लाल, हा खरा प्रश्न आहे.

मग सर्वांनी गेरूच का वापरला नाही? कारण गेरू मातकट दिसतो. माणसाला पेटता लाल हवा असतो, आणि त्यासाठी तो फार जुन्या काळापासून वाटेल ती किंमत मोजत आला आहे. रोमन लोकांचा पेटता लाल म्हणजे हिंगूळ, पाऱ्याचे खनिज. इ. स. पूर्वीच्या पहिल्या शतकात व्हिट्रुव्हिअस नावाचा एक स्थापत्यकार होऊन गेला. आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात तो एका फाबेरिअस नावाच्या लेखनिकाची हकीकत देतो. या गृहस्थाने रोमच्या ॲव्हेंटाइन टेकडीवरच्या घरात अंगणाभोवतीच्या भिंती हिंगुळाने रंगवून घेतल्या, आणि ३० दिवसांत त्या डागाळून विद्रूप झाल्या. त्याला त्या दुसऱ्या रंगाने पुन्हा रंगवाव्या लागल्या. उघड्यावर ऊन व चांदणे लागले की हिंगूळ काळा पडतो, असे व्हिट्रुव्हिअस सांगतो. चांदण्याचे सोडून देऊ. उन्हाचे खरे आहे. त्याने उपायही दिला आहे. भिंत वाळली की मेणात थोडे तेल घालून, वितळवून तो थर कुंचल्याने द्यावा, निखाऱ्याची शेगडी जवळ धरून तो भिंतीत मुरवावा आणि स्वच्छ कापडाने घासावा. रंगावर रंग वाचवणारा दुसरा पारदर्शक थर! मोटार कारखान्यांना ही युक्ती पुन्हा सुचायला जवळजवळ दोन हजार वर्षे लागली.

रोमन हिंगुळाची आणखी एक नोंद आम्हांला विसरता येत नाही. थोरल्या प्लिनीने लिहून ठेवले आहे की हिंगूळ कुटणारे कामगार तोंडावर जनावराच्या मूत्राशयाची पातळ कातडी बांधत, म्हणजे प्राणघातक धूळ नाकात जाऊ नये आणि पलीकडचे दिसावेही. रंगकामाच्या इतिहासातली ही फार जुनी मुखपट्टी. ती मालकाने दिली होती की कामगारांनी स्वतः शोधली होती, हे प्लिनी सांगत नाही. आमचा अंदाज आम्हांजवळ.

मधली शतके आम्ही ओलांडतो. मंजिष्ठा, आल, लाख, अमेरिकेतला कोचिनील किडा हा सारा कापडाचा इतिहास आहे. पत्र्याच्या लालाची गोष्ट सुरू होते दगडी कोळशाच्या डांबरातून. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या १८ वर्षांच्या मुलाने डांबरातल्या पदार्थापासून जांभळा रंग काढला. १८५८ साली पीटर ग्रीस याने नायट्रोजनचे दोन अणू मध्ये घेऊन दोन सेंद्रिय रेणू जोडण्याचा मार्ग दाखवला. या सांध्याला ‘ॲझो’ म्हणतात. पुढे निघालेल्या शेकडो पिवळ्या, केशरी आणि लाल रंगांचा जीव या दोन अणूंच्या सांध्यात आहे. सांधा सलग असेल तोवर रेणू निळे-हिरवे किरण गिळतो आणि आपल्याला लाल दिसतो. ऊन आणि हवेतला प्राणवायू मिळून सांध्याभोवतीची जुळणी मोडतात. मग पदार्थ तेथेच राहतो, पण लाल राहत नाही. रंग ‘उडाला’ म्हणतात तो खरे पाहता कोठेही उडून जात नाही.

१८९९ साली जर्मनीतल्या बी. ए. एस. एफ. या कारखान्यात पॉल युलिउस याने ‘लिथॉल रेड’ काढला. स्वस्त, भडक, दळायला सोपा. छपाईच्या शाईवाल्यांनी तो डोक्यावर घेतला. त्याच्या पाठोपाठ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘टोल्युइडिन रेड’ आला. त्याने ट्रॅक्टर, आगीचे बंब आणि शेतीची अवजारे लाल केली. हा लिथॉलपेक्षा बराच टिकाऊ. दाट दिला तर काही वर्षे उन्हात उभा राही. पांढरा मिसळून गुलाबी केला की मात्र लवकर जाई. त्याची दुसरी खोड रंगाऱ्यांना चांगली ठाऊक होती. लाल गाडीवर पांढरा रंग मारला की खालचा लाल वर येई आणि पांढरी गाडी गुलाबी होई. गिऱ्हाईक म्हणे, रंगाऱ्याने डबा धुतला नाही. दोष रंगद्रव्याचा, शिवी रंगाऱ्याला.

मोटार आली तेव्हा ती घोडागाडीच्या रंगाऱ्यांच्या हाती आली. अळशीचे तेल आणि राळ यांचे व्हार्निश, कुंचल्याने एकावर एक अनेक हात, मधे वाळवणे आणि घासणे. एका गाडीला कित्येक आठवडे लागत. अशा तेलाच्या थराचा स्वभाव आपल्याला देवळात पाहायला मिळतो. मारुतीला तेल-शेंदराचे थर चढत जातात, तेल वाळून कडक होते आणि एखाद्या दिवशी कवच निखळून आतली मूर्ती दिसते. सप्तशृंगगडावरच्या देवीच्या मूर्तीवरून शेंदराचे जुने थर २०२२ साली उतरवण्यात आले, हे पुष्कळांना आठवत असेल. तेल वाळते म्हणजे त्यातले पाणी जाते असे नव्हे. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि हे घट्ट होणे कोठे थांबत नाही. पुढे ते ठिसूळ होते, पत्रा तापून फुगला आणि थंड होऊन आकसला की त्याला चिरा जातात, चिरेतून पाणी आत शिरते, पत्रा गंजतो आणि गंज रंगाला खालून ढकलतो.

हेन्री फोर्डची ‘टी’ मोटार १९०८ साली निघाली तेव्हा ती काळी नव्हती. सुरुवातीच्या गाड्यांत लाल गाड्याही होत्या. १९१४ ते १९२५ या काळात ती काळ्यावाचून मिळत नसे. डांबरी जातीचा काळा रंग भट्टीत चटकन पक्का होई, स्वस्त पडे, आणि काळा असल्याने ऊनही त्याचे फारसे बिघडवू शकत नसे. टिकाऊपणा आणि नफा एकाच डब्यात सापडण्याचा असा योग क्वचितच येतो. लालाच्या वाट्याला तो आला नाही.

पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीजवळ बंदुकीच्या दारूसाठी उभारलेले नायट्रोसेल्युलोजचे कारखाने रिकामे पडले होते, आणि जनरल मोटर्सचे पुष्कळ भागही त्याच कंपनीजवळ होते. त्या नायट्रोसेल्युलोजचा रंग झाला, ‘ड्युको’ या नावाने. १९२३ साली ओकलँड मोटारीवर तो प्रथम आला; तो निळा होता. आठवड्यांचे काम तासांवर आले. कुंचल्याच्या जागी फवाऱ्याची बंदूक आली. बारा-बारा वर्षे हात बसवलेला घोडागाडीचा रंगारी एका हंगामात अडाणी ठरला. अमेरिकेतल्या रंगाऱ्यांच्या संघटनांनी फवाऱ्याला विरोध केला, त्याची पुढे ‘यंत्रद्वेष’ म्हणून थट्टा झाली. परंतु कुंचल्याने लावलेले शिसे पत्र्यावर राहते आणि फवाऱ्याने उडवलेले शिसे छातीत जाते, हा हिशेब थट्टा करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

ड्युकोमुळे रंगांची चैन सुरू झाली. आता लाल गाडी हवी त्याला मिळू लागली, आणि ती विटते ही तक्रारही तेव्हापासून घरोघर गेली. नायट्रोसेल्युलोजचा थर पातळ, उन्हाला नाजूक. मेणाचे पॉलिश वरचेवर लावले नाही तर त्याची चकाकी जाई. म्हणजे व्हिट्रुव्हिअसचे मेण परत आले, फरक इतकाच की ते लावण्याचे काम आता गाडी घेणाऱ्याच्या गळ्यात होते.

येथे थोडे आडवळण घेतो, कारण लिथॉल रेडचा सर्वांत प्रसिद्ध बळी मोटार नव्हती. मार्क रॉथको या अमेरिकन चित्रकाराने हार्वर्ड विद्यापीठासाठी पाच मोठी चित्रे केली. १९६४ साली ती एका उंच इमारतीच्या वरच्या मजल्यावरील भोजनगृहात लागली. खिडक्या मोठ्या, ऊन भरपूर. पंधरा वर्षांत त्यांचा गर्द किरमिजी रंग जागोजाग फिका निळसर झाला आणि १९७९ साली ती गुंडाळून कोठारात गेली. तपासात लाल सापडला तो लिथॉल. २०१४ साली ती पुन्हा प्रदर्शनात आली, पण हात न लावता. मूळच्या छायाचित्रांवरून जुना रंग ठरवून, जेथे जितका रंग गेला होता तेथे तितकाच रंगीत प्रकाश यंत्राने टाकण्यात आला. गंमत अशी की ती छायाचित्रेही विटलेली होती. आधी त्यांनाच दुरुस्त करावे लागले. करोडोंच्या चित्रासाठी हे होते. लाल मोटारीवर असा प्रकाश कोण टाकणार?

आता मुख्य गोष्टीकडे येतो. टिकणारा पेटता लाल मुळीच नव्हता असे नाही. १९३० नंतर ‘मॉलिब्डेट रेड’ बाजारात आला. शिशाचे क्रोमेट आणि मॉलिब्डेट यांचे ते मिश्रण. रंग शेंदरी-लाल, खालचा पत्रा झाकण्याची शक्ती दांडगी, किंमत बेताची, आणि कणांना सिलिकाचे कवच दिले की उन्हातही चांगला राहणारा. अनेक दशके मोटारींचे लाल त्यावर चालले. त्यात शिसे आहे आणि कर्करोग करणारे क्रोमिअमही आहे. म्हणजे निवड अशी झाली: एका बाजूला डांबरातले लाल, जे विटतात, दुसऱ्या बाजूला शिशाचा लाल, जो टिकतो आणि माणसाला खातो. डांबरातले लालही निरुपद्रवी नव्हते. १८९५ साली फ्रँकफर्टच्या लुडविग रेन या शल्यवैद्याने फुक्सिन हा लाल रंग बनवणाऱ्या ४५ कामगारांपैकी तिघांच्या मूत्राशयात गाठी आढळल्याचे जाहीर केले. प्रत्यक्ष सिद्धता व्हायला, ब्रिटनच्या रंगउद्योगातल्या हजारो कामगारांच्या मृत्युनोंदी तपासून अहवाल निघायला, १९५४ साल उजाडले. मधे ५९ वर्षे गेली. फुक्सिन हा काही मोटारीचा रंग नव्हे. पण गाठींना कारण ठरलेले नॅप्थिलामीन ज्या घराण्यातले, त्याच घराण्यातल्या द्रव्यांपासून लिथॉल बनतो. तयार लाल विकत घेणाऱ्याला त्रास नाही. तो तयार करणाऱ्याला होता.

शिशाबद्दल तर अज्ञानाची सबब कोणालाच नव्हती. ॲलिस हॅमिल्टन या बाईंनी १९१३ साली अमेरिकन सरकारसाठी रंगाऱ्यांच्या आरोग्यावर अहवाल लिहिला. डॉक्टर असूनही त्या कारखान्या-कारखान्यांतून हिंडल्या, कामगारांच्या घरी गेल्या. रंग लावण्यापेक्षा वाळलेला रंग कोरड्या कागदाने घासणे अधिक घातक आहे, हे त्यांनी दाखवले. गाड्यांच्या रंगकामात तर घासणे हेच मोठे काम. १९१९ साली हार्वर्डने त्यांना अध्यापक म्हणून घेतले. त्या विद्यापीठातल्या त्या पहिल्या स्त्री अध्यापक. रॉथकोच्या चित्रांइतकी त्यांच्या अहवालाची चर्चा झाली असती तर बरे झाले असते, असे आम्हांला वाटते. १९२१ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत सफेद्याविरुद्ध करार झाला. सफेदा म्हणजे शिशाचाच पांढरा रंग. इमारतींच्या आतल्या रंगकामात तो वापरू नये, १८ वर्षांखालील मुलांना आणि स्त्रियांना त्याचे औद्योगिक रंगकाम देऊ नये, आणि कोरडे घासण्याने उडणारी धूळ शक्य तेथे टाळावी, असे त्यात होते. मोटारीचा लाल त्या कराराच्या बाहेरच राहिला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्यात ज्या रोगांची खबर सरकारला देणे बंधनकारक केले, त्या यादीत पहिले नाव शिशाच्या विषबाधेचे होते. नाव पहिले होते म्हणून खबर पहिली गेली, असे मात्र आम्ही पाहिले नाही.

१९५८ साली परिस्थिती पालटली. ‘क्विनाक्रिडोन’ हा पदार्थ १९३५ साली जर्मनीत तयार झाला होता, पण कोणी त्याला रंग म्हणून विचारले नव्हते. ड्यूपाँच्या रसायनशास्त्रज्ञांनी तो व्यापारी प्रमाणात काढला. त्यात ॲझोचा दुबळा सांधा नाही. त्याचे रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून बसतात की ते विरघळत नाहीत, वर येत नाहीत आणि ऊनही सहज सोसतात. १९८६ साली त्याच्या जोडीला डी. पी. पी. नावाचा झगझगीत लाल आला. १९७४ साली अमेरिकेतला एक प्राध्यापक दुसरेच काही बनवायला निघाला होता आणि हा लाल पदार्थ त्याच्या हाती पडला. स्वित्झर्लंडच्या सिबा-गायगी कंपनीने तो ओळखला. एका नामांकित इटालियन मोटारीच्या नावानेच तो आज ओळखला जातो.

म्हणजे १९५८ पासून न विटणारा आणि शिसे नसलेला लाल उपलब्ध होता. तरी पुढे तीस वर्षे गाड्या गुलाबी होत राहिल्या, आणि रंगाच्या डब्यांत शिसेही राहिले. कारण एकच, नवा लाल महाग होता. तो पारदर्शक असल्याने पत्रा झाकायला अधिक लागे. मग त्यात मॉलिब्डेट मिसळून स्वस्त आणि दाट करीत. जेथे तेवढेही परवडत नसे तेथे जुने ॲझो लाल चालत. आमच्या रंगाऱ्याचा ‘कमी पैशांचा लाल’ तो हा. दुकानातून बाहेर पडताना दोन्ही गाड्या सारख्याच लाल दिसतात. फरक तिसऱ्या उन्हाळ्यात दिसतो.

यावर कारखान्यांनी शोधलेला उपाय म्हणजे वरचा पारदर्शक थर. युरोपात तो आधी रुपेरी झाक असलेल्या गाड्यांवर आला, १९८० च्या दशकात सर्वत्र पसरला. साध्या लालावर यायला बऱ्याच ठिकाणी आणखी वेळ लागला. या थरात अतिनील किरण गिळणारी द्रव्ये असतात. खालची भुकटी सुरक्षित राहिली आणि विटण्याचा आजार बराचसा आटोक्यात आला. पण किरण गिळणारी द्रव्ये हळूहळू संपतात. मग पारदर्शक थर आधी दुधी होतो, नंतर टपावरून आणि बॉनेटवरून साप कात टाकतो तसा सुटतो. ऊन तेथे सरळ पडते. खालचा लाल तसाच असतो, फक्त उघडा. जुनी लाल गाडी विटत असे, नवी सोलते, ती अशी.

आणि काटकसर येथेही पोहोचलीच. पत्र्याला पहिला हात विद्युतप्रवाहाने बसवलेल्या एपॉक्सीच्या अस्तराचा असतो. गंजाविरुद्ध ते उत्तम, उन्हाविरुद्ध अगदी कुचकामी. ऊन लागले की त्याची भुकटी होते. म्हणून त्याच्यावर मधला एक थर देऊन मग रंग द्यायचा. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या काही मोठ्या कारखान्यांनी कित्येक गाड्यांचा हा मधला थर गाळला. ऊन पातळ रंगातून आरपार गेले, अस्तराचा वरचा भाग भुकटी झाला, आणि राळ, रंग, सारे एकदम चादरीसारखे निघू लागले. ही आपत्ती लालावर नव्हे तर निळ्या आणि रुपेरी गाड्यांवर अधिक आली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मालक न्यायालयात गेले, कित्येकांच्या गाड्या पुन्हा रंगवून द्याव्या लागल्या. एका थराची बचत करताना हा खर्च कोणी मांडला नसावा. किंवा मांडला असेल आणि तो दुसऱ्याच्या खात्यावर टाकता येईल असे वाटले असेल.

पारदर्शक थराला कडकपणा देण्यासाठी दोन डब्यांतली द्रव्ये मिसळतात, त्यातल्या एकात आयसोसायनेट असते. शिसे गेले तेथे हे आले. फवारणाऱ्याला त्यापासून दमा होतो, आणि एकदा जडला की पुढे अगदी थोड्या वासानेही श्वास कोंडतो. कापडी रुमाल त्याला अडवत नाही. बाहेरची स्वच्छ हवा नळीने पुरवणारा मुखवटाच लागतो. तो किती रंगखात्यांत आहे, हे श्रोत्यांनी आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजात डोकावून पाहावे.

शिसे गेले म्हटले, तेही पुरते खरे नाही. युरोपीय संघाने मॉलिब्डेट रेडच्या वापराला २१ मे २०१५ ही शेवटची तारीख दिली होती. एका कॅनडाच्या कंपनीला २०१६ साली सवलत मिळाली. स्वीडन त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि २०१९ साली ती सवलत रद्द झाली. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग ठरवली. ‘घरगुती व शोभेच्या’ हे शब्द नीट वाचावेत. कारखान्यात वापरायचे रंग त्या नियमाबाहेर राहिले. आणि आज नवा डबा स्वच्छ असला तरी जुनी गाडी रंगवायला येते तेव्हा तिच्या अंगावर तीस-चाळीस वर्षांचे थर असतात. लांबी भरण्यापूर्वी पोऱ्या पॉलिश पेपर घेऊन ते घासतो. वरचा गुलाबी झालेला लाल धूळ होऊन त्याच्या भुवयांवर बसतो, त्याखालचा न विटलेला लालही बसतो.

हॅमिल्टनबाईंनी दाखवलेल्या या धोक्यावरचा उपाय मात्र महाग नव्हता. १९२१ साली, म्हणजे जिनिव्हाचा करार झाला त्याच वर्षी, अमेरिकेत पाण्यात न विरघळणारा घासण्याचा कागद बाजारात आला आणि तो प्रथम मोटारीच्या रंगकामातच रुळला. आपल्याकडे त्याला ‘वॉटर पेपर’ म्हणतात. पाण्याने ओले करून घासले की धूळ उडत नाही, लगदा होऊन खाली ओघळते. झेंड्याकडे पाहून बोललेला तो रंगारी ज्या कारखान्यात होता, तेथे आम्ही मागण्यांचा खर्डा तयार केला तेव्हा पगारवाढीच्या वर, पहिल्या क्रमांकावर, त्याच्या आग्रहावरून ‘रंगखात्यात पाण्याचा नळ’ असे लिहिले. व्यवस्थापनाचे उत्तर आले की ओले घासल्याने पत्र्याला गंज धरतो आणि प्रत्येक गाडीमागे काम लांबते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. नळ चौदा महिन्यांनी बसला.